तुळसाबाई आणि सात घरांत दडवलेले कागद

बुधवारी संध्याकाळी मी अंगणात कोळशाच्या चुऱ्याचे गोळे वळत बसले होते. चुऱ्यात माती कालवलेली, अर्धं घमेलं वळून झालेलं, अर्धं बाकी, आणि हात कोपरापर्यंत काळे. रात्रीच्या आत सगळे पाटीवर मांडायचे होते, म्हणजे सकाळचं ऊन मिळालं असतं. तेवढ्यात मेंदीच्या कुंपणावरून तुळसाबाईचा आवाज आला.

"सिंधुताई, सुशीला कावून नाही आली वो गाडीवर? काल बी नाही, आज बी नाही."

"ताप आहे तिला," मी वर न बघता म्हणाले.

नेमकी त्याच वेळी माझी लेक सुशीला दोन हातांत दोन बादल्या घेऊन नळाकडून आली आणि माझ्यासमोरून आत गेली. तुळसाबाईनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तापात पोरगी दोन-दोन बादल्या पाणी आनून राहिली? चांगला ताप हाय बाप्पा. आमच्या घरी बी पाठवा थोडा."

मी पुढचा गोळा वळायला घेतला. ती कुंपण सोडून फाटकातून आत आली आणि माझ्यापुढे उकिडवी बसली.

"हिरालालभाऊच्या रमाले ताप. पंचफुलाबाईच्या गुलाबले ताप. फकिराच्या पोरीले ताप. आपल्या सेक्टरातल्या सातापैकी पाच पोरी तापात, अन् दवाखान्यात एकीचंही नाव नाही. असा कोनता ताप हाय वो, जो फक्त कॉलेजच्या पोरींलेच येते?"

ही तुळसाबाई आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहते. माहेर तुमसरकडचं, शिक्षण मराठी चौथी. नवरा देवीदास आधी दुर्ग लाइनवर रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन होता, पोलादाचा प्लांट उभा राहायला लागला तेव्हा इथं आला आणि आता प्लांटच्या आतल्या गाड्यांचं शंटिंग करतो. तीन वर्षांपासून तुळसाबाई दुर्गच्या कॉलेजात मुलींच्या खोलीवर बाई म्हणून आहे. त्या कॉलेजात मुलगे हजार आणि मुली दोनशे, म्हणून मुलींना दोन तासांच्या मध्ये बसायला एक खोली दिलेली. तिथलं पाणी भरायचं, झाडायचं, कोणाचं डोकं दुखलं तर पाहायचं, हे तिचं काम. पण आमच्या सेक्टरातल्या, म्हणजे प्लांटच्या वसाहतीतल्या, सात मुलींना सकाळच्या पॅसेंजरनं जनाना डब्यात बसवून नेणं आणि पाचच्या गाडीनं परत आणणं, हे काम तिला कोणी दिलेलं नाही. ते तिनं आपणहून घेतलं आहे.

का घेतलं, तेही सांगते. तिची थोरली रंभा गोंदियाच्या शाळेत सातवीत पहिली आली होती. पुढच्या शाळेनं डॉक्टरचा दाखला आणा म्हणून एक इंग्रजी कागद पाठवला. तो घरात कोणाला वाचता आला नाही, विचारायला लाज वाटली, आणि रंभाचं नाव कटलं. पुढच्या माघात लग्न. रंभाला आज तीन मुलं आहेत, सुखात आहे. पण कागदाचं नाव निघालं की तुळसाबाई आजही दोन घोट पाणी पिते आणि मग बोलते.

अशा बाईपुढे खोटं किती वेळ टिकणार? मी हात धुतले, देव्हाऱ्यापुढे गेले, अंबामातेच्या खालचं लाल वस्त्र उचललं आणि त्याखालची घडी तिच्या हातात दिली.

हा कागद गेल्या शनिवारी रजिस्टर पोस्टानं आला होता. टाइप केलेलं इंग्रजी, वर कॉलेजचा शिक्का, आणि सुशीलाचं नाव तेवढं शाईनं लिहिलेलं. खाली सहीची रेघ. आमच्याकडे, प्लांटच्या लोकांत, असा कागद म्हणजे काय हे लहान पोरालाही ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी फकिरा ड्यूटीवर क्रेनच्या मागे झोपलेला सापडला. त्याला असाच कागद आला, चार्जशीट. त्यानं वाचता येत नसताना सही केली, आणि पंधरा दिवस घरी बसला. तेव्हापासून आमच्या सगळ्या पुरुषांनी एक गाठ बांधली आहे: ऑफिसातून इंग्रजी कागद आला म्हणजे गुन्हा लागला, आणि सही केली म्हणजे कबूल केला.

म्हणजे माझ्या सुशीलानं कॉलेजात काहीतरी केलं. काय केलं, ते विचारायची माझी छाती झाली नाही. तिच्या बाबांना दाखवलं असतं तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. मी तो कागद अंबामातेच्या पायाशी ठेवला, पोरीला म्हणाले, "दोन दिवस घरी राहा, पाहुणे येणार आहेत," आणि रोज अकरा वेळा स्तोत्र म्हणत बसले.

तुळसाबाईनं कागद उलगडला. तिला इंग्रजी येत नाही. पण तिनं तो उजेडात धरला, घडीवरून बोट फिरवलं आणि अशी हसली की शेजारची कोंबडी उडाली.

"अगं माय! हा तं म्याच घडी केला! दोनशे कागद होते. मशीनवर काढले, शाईनं माहे हात तुमच्या या हातासारखे काळे झाले होते. सगळ्यायचा एकच मजकूर. कॉलेजच्या मोठ्या मॅडमनं मले सांगतलं होतं काय लिवलं हाय ते. पोरगी कोनत्या गाडीनं येते, तिले देवीची टोचनी झाली का नाही, कॉलेजात कसं वागाचं, अन् काही झालं तं कोनाले बोलवाचं. बस."

"मग चार्जशीट नाही?"

"कायची चार्जशीट!" मग तिचा चेहरा उतरला. "पन सिंधुताई, शनिवारी बारा वाजेपर्यंत सही करून परत नाही गेला, तं पोरीचं नाव कटते. बडेबाबू, ऑफिसातले मोठे कारकून, बोलून राहिले होते, म्या कानानं ऐकलं."

म्हणजे मधे गुरुवार आणि शुक्रवार, दोनच दिवस होते.

माझे गोळे तसेच राहिले. आम्ही दोघी आधी हिरालालभाऊंकडे गेलो, कारण तिथली गोष्ट सगळ्यात पुढे गेली होती. रमा ही त्या सातांतली सगळ्यात हुशार. बापाला मात्र तिच्या मार्कांपेक्षा तिच्या नावाची चिंता जास्त. ओट्यावर रमाची ट्रंक बांधलेली दिसली. रमाच्या आईनं, कौशल्याबाईनं, आम्हाला पाहून डोळ्यांना पदर लावला.

"रविवारी तिरोड्याले नेऊन राहिले तिले," ती हळूच म्हणाली. "मामाच्या घरी. तिकडं एक स्थळ हाय."

हिरालालभाऊ ब्लास्ट फर्नेसवर, लोखंडाच्या मोठ्या भट्टीवर, आहेत. नुकतेच शिफ्टवरून आले होते, पायांत अजून ते जाड बूट होते. तुळसाबाईनं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाले, "वहिनी, तुमी कॉलेजात नोकरी करता. तुमी तं कॉलेजचंच बोलान."

"भाऊ, सगळ्यायले एकच कागद हाय. छापील."

"प्लांटमधली चार्जशीट बी छापीलच असते. नाव तेवढं हातानं लिवते."

यावर तुळसाबाईला उत्तर सुचलं नाही.

"निदान रमाले वाचू तं द्या," ती शेवटी म्हणाली. "तिले इंग्रजी येते."

"ज्याच्यावर गुन्हा हाय, तेच्याच हातात कागद देऊ? अन् तो सांगन ते खरं मानू?" हिरालालभाऊ उठले. "चहा घ्या. पन माह्या पोरीची गोष्ट आता बंद."

आतल्या दाराच्या फटीतून रमाचे डोळे दिसत होते. पोरीला आपल्यावर कसला आरोप आहे तेही कोणी सांगितलं नव्हतं.

परत येताना तुळसाबाई अर्ध्या रस्त्यापर्यंत भराभर चालली. मग एकदम थांबली. "सिंधुताई, प्रत्येकाले वाटते का फक्त आपल्याच घरी कागद आला. म्हनून सगळे दडवून राहिले. सातही कागद एका जागी पाहिले पाह्यजेत त्यायनं. उद्या तुमच्या घरी भजन हाय ना?"

गुरुवारी आमच्याकडे भजन असतं. विदर्भाकडची सगळी घरं येतात. संध्याकाळी कामावर असणाऱ्या बी शिफ्टवाल्यांची तेवढी बायका-पोरं येतात.

"देवापुढं हे काढायचं?" मी म्हणाले. मला ते जरा अवघड वाटलं.

"तुमीनंच तं देवीच्या खाली ठेवला होता कागद. आता वर काढा."

गुरुवारी दिवे लागले, माणसं जमली. सतरंजीवर पुरुष पुढे, बायका भिंतीशी, मुली दाराशी. कौशल्याबाई रमालाही घेऊन आली होती, कारण भजनाला न्यायला बाप नाही म्हणू शकला नाही. तीन भजनं झाली. आरतीचं ताट मी उचलणार, तेवढ्यात तुळसाबाई उभी राहिली आणि देव्हाऱ्यापुढे एक रिकामा पाट ठेवला.

"आरतीच्या आधी एक काम हाय," ती म्हणाली. "ज्याच्या-ज्याच्या घरी कॉलेजचा कागद आला, तेनं या पाटावर आनून ठेवा."

कोणी हललं नाही. फकिरानं टाळ खाली ठेवले. हिरालालभाऊंची मान ताठ झाली.

मी उठले. लाल वस्त्र उचललं, कागद काढला आणि पाटावर ठेवला. सुशीलाचे बाबा तोंड उघडून माझ्याकडे पाहत राहिले. "हे कधी आलं?"

"शनिवारी," मी म्हणाले. "नंतर बोला मला काय बोलायचं ते."

मग भिंतीकडून बांगड्या वाजल्या. कौशल्याबाईनं कमरेची गाठ सोडली, आतून बारीक घडी केलेला कागद काढला. हिरालालभाऊ कडाडले, "कौशल्ये! तो कागद तं म्या कोठीत ठेवला होता!"

"कोठीची किल्ली माह्याजवळ असते," ती म्हणाली आणि पाटावर कागद ठेवून परत जागेवर बसली.

त्यानंतर काय सांगू! पंचफुलाबाईचा कागद तांदळाच्या डब्यातून आला, त्याला कणी चिकटलेली होती. फकिराचा टोपीतून निघाला. एकीचा तर उशीच्या खोळीत होता, ती घरी धावत जाऊन घेऊन आली. पाटावर सात कागद झाले. तेच टाइप, तोच शिक्का, तीच रेघ. फकिरानं दोन कागद शेजारी-शेजारी धरले, एकेक ओळ बोटानं ताडून पाहिली, आणि एकदम म्हणाला, "सातही पोरींनं एकच गुन्हा केला का बे? अन् तो बी एकाच दिवशी?"

बायकांतून हसण्याची जी लाट उठली, ती पुरुषांपर्यंत पोचली. हिरालालभाऊ मात्र हसले नाहीत.

"रमा, इकडं ये बाई," तुळसाबाई म्हणाली. "वाच. एक ओळ इंग्रजीत वाच अन् मंग आपल्या बोलीत सांग."

रमा बापाकडे पाहत पुढे आली. तिनं कागद घेतला. पहिली ओळ घाईनं वाचली, दुसऱ्या ओळीला आवाज स्थिर झाला. इंग्रजी वाचायची, थांबायची, मराठीत सांगायची. मी आजवर पुष्कळ पोथ्या ऐकल्या. पण त्या संध्याकाळी त्या पोरीच्या वाचनाला जशी शांतता होती, तशी क्वचितच पाहिली. हिरालालभाऊंनी आपल्या लेकीचं इंग्रजी याआधी कधी ऐकलंच नव्हतं. ते कागदाकडे न पाहता तिच्या तोंडाकडे पाहत होते.

रमानं वाचलं, मुलगी वर्गातून वेळेच्या आधी निघाली तर घरी कळवलं जाईल.

"म्हंजे पोरी पळून जाते, असं म्हनून राहिले का ते?" एकानं मागून विचारलं.

"तसं नाही हो भाऊ," तुळसाबाई म्हणाली. "पोरीचं पोट दुखलं, चक्कर आली, तं तिले एकटीले गाडीत नाही बसवत. तुमाले निरोप येते."

रमानं वाचलं, मुलांशी वागणं सभ्य असावं.

"पोरायशी वागनंच कायले पाह्यजे?" हिरालालभाऊ मधेच बोलले.

"भाऊ, फर्नेसवर तुमी त्या पंजाबी मिस्त्रीशी बोलता का नाही?"

"कामाचं बोलतो."

"पोरगी बी कामाचंच बोलते. सर नाही आले, का आज कोनतं पान शिकवलं. याच्यापुढं कोनी बोलला, तं ती मले सांगते. अन् मले सांगतलं म्हंजे तो पोट्टा दुसऱ्या दिवशी मॅडमच्या खोलीत उभा असते. रमा, खोटं सांगून राहिली का मी?"

"नाही मावशी. मागच्या महिन्यात एकाले उभा केला होता." सगळ्या मुली खुदखुदल्या. हिरालालभाऊंच्या कपाळावरची आठी जराशी सैल झाली.

टोचणीच्या, म्हणजे देवीची लस टोचून घेण्याच्या, ओळीवर पंचफुलाबाई उठून उभी राहिली. "आमच्या घरी देवीची टोचनी नाही चालत. आई कोपते."

यावर तुळसाबाईनं माझ्याकडे पाहिलं. अशा गोष्टी सेक्टरात माझ्यावर टाकतात, कारण रोज पूजा करणारी मी. मी म्हणाले, "पंचफुलाबाई, आईनं लेकरं दिली ती सांभाळायला दिली. सुशीलाला टोचून आणलं त्या दिवशी मी आईला नारळ फोडला होता, आणि तिनं काही राग धरला नाही. गुलाबच्या दिवशी तुमच्या नावानं दुसरा फोडते."

"तुमी फोडान?"

"मी फोडीन."

"मंग चालते," पंचफुलाबाई म्हणाली आणि खाली बसली.

शेवटची ओळ अशी होती: मुलीला कॉलेजातून न्यायला येऊ शकतील अशा दोन माणसांची नावं लिहा. याचा अर्थ कोणाला लागेना. तुळसाबाई घोटभर पाणी प्यायली.

"हे सगळ्यात मोठं हाय. उद्या कोनी अनोळखी मानूस कॉलेजात आला अन् बोलला, चाल बाई, प्लांटमधी तुह्या बापाले अपघात झाला. सांगा, पोरगी काय करन? रडत-रडत तेच्या मागं जाईन. कोनाची बी जाईन. या कागदावर ज्याचं नाव नाही, तेच्यासंगं तिले मॅडम सोडत नाही. कोनी मंत्री आला तरी नाही सोडत."

प्लांटचा भोंगा अवेळी वाजला की आम्ही सगळ्या कशा दाराशी येऊन उभ्या राहतो, ते आम्हालाच माहीत.

हिरालालभाऊंनी रमाच्या हातातल्या कागदाकडे बोट केलं. मग म्हणाले, "सगळं बरोबर. पन सही? सही म्हंजे कबुली."

आणि इथं तुळसाबाईला कालचं अडलेलं उत्तर सापडलं. ती त्यांच्या बुटांकडे पाहत होती. दाराशी, चपलांच्या रांगेत, सगळ्यात मोठे तेच होते.

"हिरालालभाऊ, ते बूट अन् ते हेल्मेट तुमाले प्लांटनं कसं दिलं?"

"स्टोअरमधून."

"रजिस्टरवर सही घेतली का नाही?"

"घेतली."

"त्या सहीनं तुमी कोनता गुन्हा कबूल केला?"

भाऊंनीही आपल्या बुटांकडे पाहिलं.

"डोक्यावर काही पडू नये म्हनून केली ना सही? मंग ही बी तशीच हाय. हा कागद पोरीचं हेल्मेट हाय. तुमी सही करान तं ते तिच्या डोक्यावर बसन. नाही करान तं उघड्या डोक्यानं तिरोड्याले पाठवा."

फकिरा मांडीवर हात मारून म्हणाला, "बरोबर बोलली बाई! माह्या डोक्यात दोन वर्षं हे नाही आलं!"

"तू झोपला होता," कोणीतरी म्हणालं, आणि आता हिरालालभाऊसुद्धा हसले. त्यांनी सुशीलाच्या बाबांकडे पेन मागितलं. रमाच्या हातातला कागद घेऊन पाटावर ठेवला, हात जोडले, आणि अक्षर-अक्षर जुळवत सही केली. मग रमाला म्हणाले, "दोन नावं लिवाची हायेत ना? पह्यलं तुह्या मायचं लिव. दुसरं तुळसावहिनीचं."

आरती त्यानंतर झाली. इतक्या मोठ्यानं आमच्या घरी कधी झाली नव्हती.

शनिवारच्या सकाळच्या पॅसेंजरला आम्ही आया स्टेशनवर गेलो होतो. सातही मुली जनाना डब्यात चढल्या. तुळसाबाईनं सात कागद पिशवीत घातले होते, आणि पिशवी काखेत अशी दाबून धरली होती, जणू आत तान्हं बाळ आहे. संध्याकाळी तिनं सांगितलं ते असं: बडेबाबूंच्या टेबलावर दोनशेतले जेमतेम साठ कागद परत आले होते. बाकीच्या गावांत, वस्त्यांत लोक अजून दडवूनच बसले होते. आमच्या सेक्टरातले सातपैकी सात. बडेबाबूंनी दोनदा मोजले. मॅडमनं तुळसाबाईला आत बोलावलं आणि खुर्चीवर बसायला सांगितलं. तीन वर्षांत त्या खुर्चीची धूळ तिनं रोज पुसली आहे, बसली पहिल्यांदा.

"मॅडमनं विचारलं, तुळसाबाई, तुमी हे कसं केलं? म्या म्हटलं, मॅडम, कागद पाठवून नाही होत. कागदाच्या मागं मानूस पाठवा लागते."

मॅडमनं ते ऐकलं. राहिलेल्यांसाठी पंधरा दिवसांची मुदत वाढवली, आणि आता दर वर्षी नव्या मुलींच्या आईबापांना एका रविवारी कॉलेजात बोलवायचं ठरलं. त्यांच्यापुढे बोलणार तुळसाबाई, मराठी चौथी पास.

हिरालालभाऊंच्या ओट्यावरची ट्रंक काल आत गेली. रमा सोमवारी परीक्षेचा फॉर्म भरणार आहे. माझ्या घरी मात्र सुशीलाचे बाबा अजून अधूनमधून विचारतात, "आणखी काय-काय ठेवलंय देवीच्या खाली?"

हे लिहिते आहे तोवर तुळसाबाई फाटकाशी येऊन सांगून गेली. शेजारच्या रिसाली गावातल्या चिंधूची मुलगी दुर्गला पहिल्या वर्षात आहे आणि तिचाही कागद परत गेलेला नाही. तुळसाबाई आता तिकडेच निघाली आहे, चिंधूला कागद वाचून दाखवायला. रमाला बरोबर नेते आहे.